पॉलीफ्यूजच्या भरवशावर लॅपटॉप पणाला लावू नका

नागपुरातल्या पॉलिटेक्निकच्या मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘आर्डुइनो उनोच्या ५ व्होल्ट पिनला बाहेरचा सप्लाय दिला, तरी यूएसबी केबल बिनधास्त लावून ठेवा. दोन्हीकडे ५ व्होल्टच, करंट वाहणार नाही. बोर्डावर फ्यूज आहे, लॅपटॉपलाही संरक्षण असतंच. तरी भीती वाटली तर बाहेरचा ग्राउंड जोडू नका.’ माझ्या भाचीने हे वाचून कूलरच्या पंपाचं सर्किट तसंच जोडलं, तेही घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपला. आता गप्प बसवत नाही.

‘दोन्हीकडे ५ व्होल्ट’ हाच मुद्दा सगळ्यात घातक. लॅपटॉपच्या पोर्टवर ४.९ व्होल्ट असू शकतात. सीताबर्डीतून आणलेल्या एसएमपीएसचा (बाहेरचा सप्लाय देणाऱ्या डब्याचा) व्होल्टेज जुळवायचा स्क्रू जरा फिरला की तो ५.४ देतो. करंट लॅपटॉपकडे निघाला! आणि लॅपटॉप बंद करून पोरगी झोपायला गेली, एसएमपीएस चालूच राहिला, तर? पोर्टवर शून्य, बोर्डावर ५. बंद लॅपटॉपमध्ये बाहेरून वीज घुसत राहते. यूएसबी २.० च्या मानकातलं कलम ७.२.१ स्पष्ट आहे: कोणत्याही उपकरणाने संगणकाकडे जाणाऱ्या व्हीबसवर, म्हणजे यूएसबीच्या ५ व्होल्टच्या तारेवर, करंट सोडायचा नाही, कधीही नाही. यापुढे वादाला जागाच नाही.

फ्यूजचं म्हणाल तर उनोवरचा पॉलीफ्यूज (जादा करंट अडवणारा आणि नंतर आपोआप पूर्ववत होणारा फ्यूज) ५०० मिलीॲम्पियरचा. करंट कुठल्या दिशेने जातोय, हे त्याला कळत नाही. ३०० मिलीॲम्पियर उलटे गेले तर तो रात्रभर गप्प बसेल.

लॅपटॉपचं संरक्षण बाहेर जाणाऱ्या जादा करंटसाठी असतं. उलटा करंट प्रत्येक पोर्ट अडवेलच, याची हमी कोण देणार?

एक गोष्ट मान्य करावी लागते. उनोच्या गोल जॅकला ७ ते १२ व्होल्ट दिले तर यूएसबी खुशाल लावा. व्हिन, म्हणजे जॅकमधून बोर्डाला मिळणारा व्होल्टेज, साधारण ६.६ व्होल्टच्या वर गेला की बोर्डावरचा कंपॅरेटर (व्होल्टेजची तुलना करणारा भाग) मॉस्फेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच बंद करतो आणि यूएसबीची ५ व्होल्टची वाट तुटते. पण ५ व्होल्ट पिनवरून सप्लाय दिला की मॉस्फेट चालूच राहतो. जॅकची सोय या पिनला लावायची, ही शुद्ध दिशाभूल आहे.

ग्राउंड न जोडण्याचा सल्ला तर निव्वळ अडाणीपणा. सर्किटच पूर्ण होत नाही, आणि करंट परतीची वाट भलत्याच तारांतून शोधतो.

उनो असेल तर जॅक वापरा, नाहीतर प्रोग्राम टाकताना बाहेरचा सप्लाय काढा. रास्पबेरी पाय पिको या दुसऱ्या छोट्या बोर्डावर व्हीबस ते व्हीसिस (बोर्डाला वीज देणारी पिन) शॉटकी डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, आधीच आहे. बाहेरचा सप्लाय व्हीसिसला द्या, तोही दुसऱ्या शॉटकीमधून. पिकोच्या डेटाशीटमध्येच (कंपनीच्या माहितीपत्रकात) तसं दिलंय. स्वस्तातल्या बोर्डांवर मात्र डायोड आहे असं गृहीत धरू नका, तपासा. केबल लॅपटॉपला न लावता बाहेरचा सप्लाय चालू करा आणि केबलच्या मोकळ्या टोकाला व्हीबस व ग्राउंडमध्ये मल्टीमीटर लावा. सोबत १ किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा, नाहीतर डायोडमधल्या किंचित गळतीचंही व्होल्टेज दिसेल. तरीही ५ च्या आसपास आकडा आला, तर ती केबल लॅपटॉपला लावू नका.