‘जुगाड’ म्हणालात म्हणून एवढं लिहितो

नमस्कार,

मागच्या लेखात मी एका पतसंस्थेच्या जुन्या सर्व्हरबद्दल लिहिलं होतं. 2008 सालचा टॉवर, 146 जीबीच्या तीन एसएएस डिस्क, त्यांच्यावर रेड 5 (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो, दुसरीही गेली की सगळा जातो अशी मांडणी), विंडोज सर्व्हर 2003 आणि शेजारी 136 कॉलमचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. एक डिस्क गेली, ती बदलली, रिबिल्ड झालं, म्हणजे उरलेल्या दोन डिस्कवरून नवीवर डेटा पुन्हा उभा राहिला, आणि दुसऱ्या दिवशी काउंटर वेळेवर उघडलं, एवढीच ती हकिगत. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली : “काका, हे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशन नाही, निव्वळ जुगाड आहे. तिन्ही डिस्क एकाच वयाच्या असताना रिबिल्डच्या आधी बॅकअप रिस्टोअर करून पाहिला होता का? 2003 चा सपोर्ट 2015 मध्येच संपला. रॉ प्रिंटिंगचं पोर्टही चुकलंय. लोकांना क्लाउडवर न्या.”

आधी चूक मान्य करतो. रॉ प्रिंटिंगचं, म्हणजे मजकूर थेट प्रिंटरकडे पाठवायच्या पद्धतीचं, पोर्ट (नेटवर्कवरचा क्रमांक) 9100 आहे. मी 515 लिहिलं, ते एलपीडी या दुसऱ्या छपाई पद्धतीचं. दोन्ही पोर्टं रोज हाताखालची, तरी लिहिताना अदलाबदल झाली. लेखात दुरुस्ती केली आहे. लक्षात आणून दिलंत त्याबद्दल आभार.

आता ‘निव्वळ जुगाड’. हा शब्द मला लागला, आणि लागला हे लपवणार नाही. चूक दाखवायला माझी हरकत नाही. पण ज्या माणसाला तुम्ही कधी काम करताना पाहिलं नाही, त्याचं सगळं काम एका शब्दात निकालात काढायचं आणि वर ‘काका’ म्हणायचं, ही कुठली पद्धत? माझ्या पुतण्यांनी मला काका म्हणावं. तुमची-माझी ओळख नाही.

जुगाड कशाला म्हणतात ते याच सर्व्हरवर घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतो. साधारण 2011 ची गोष्ट. पतसंस्थेतून फोन आला की दिवसअखेरला (दिवसाचे व्यवहार बंद करायच्या कामाला) फार वेळ लागतोय. एरवी वीस-पंचवीस मिनिटांत आटपणारं काम दीड तासावर गेलं होतं. कॅशियर बाई आठ-आठ वाजेपर्यंत अडकून पडायच्या. सॉफ्टवेअरवाल्याने सर्व्हरकडे बोट दाखवलं आणि व्यवस्थापकांनी माझ्याकडे. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, नेटवर्कमध्ये काही नाही. डिस्कचे दिवे मात्र न थांबता लुकलुकत होते. रेड कंट्रोलरच्या (डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाच्या) नोंदी उघडल्या तेव्हा कारण सापडलं. कंट्रोलरवरची बॅटरी मेली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या कंट्रोलरवर 256 एमबी कॅश, म्हणजे तात्पुरती मेमरी, असते. लिहायचा डेटा आधी कॅशमध्ये जातो, “लिहिलं” असं उत्तर लगेच मिळतं आणि डिस्कवर तो मागाहून सावकाश उतरतो. याला राइट-बॅक म्हणतात. मधेच वीज गेली तर तेवढा डेटा जिवंत ठेवायचं काम त्या छोट्या बॅटरीचं. बॅटरी मेली की कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर येतो, म्हणजे डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत कुणालाही “झालं” म्हणत नाही. रेड 5 मध्ये तर प्रत्येक छोट्या नोंदीसाठी जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला हिशेब) वाचायची, मग नवा डेटा आणि नवी पॅरिटी लिहायची. एका नोंदीला चार खेपा. दिवसअखेर रेंगाळली ती यामुळे.

तिथे आलेल्या एका जाणकाराने उपाय सुचवला. सेटिंगमध्ये एक खूण बदला, बॅटरी नसली तरी राइट-बॅक जबरदस्तीने चालू राहील. दोन मिनिटांचं काम, त्याच संध्याकाळी सगळे सातला घरी. मी नाही म्हटलं. गावात भारनियमन, यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या आणि कॅशमध्ये लोकांच्या ठेवींच्या नोंदी. नऊ दिवस रोज बोलणी खाल्ली. बॅटरी आली, शनिवारी रात्री सर्व्हर बंद करून बसवली, चार्ज पूर्ण व्हायची वाट पाहिली आणि रविवारी पहाटे कंट्रोलर स्वतःहून राइट-बॅकवर आलेला बघूनच उठलो. त्या गृहस्थांनी सुचवलं होतं ते जुगाड. मी केली ती दुरुस्ती. आता सांगा, तुमचा शब्द कुणाला लागू पडतो?

आणि मी हे काम आजपासून करत नाही. 1996 मध्ये मी एका खरेदी-विक्री संघाच्या ऑफिसात नेटवेअर 3.12 ही तेव्हाची सर्व्हर प्रणाली सांभाळायचो. चौदा मशीन एकाच कोॲक्स केबलवर, प्रत्येक मशीनमागे बीएनसीचा टी (टी आकाराचा जोड), केबलच्या दोन टोकांना 50 ओहमचे टर्मिनेटर (टोक बंद करणारे रोध). त्या नेटवर्कमध्ये एक जोड सैल झाला की चौदाच्या चौदा मशीन बसायची. रोज अकराच्या सुमारास तेच व्हायचं, पडद्यावर ‘ॲबॉर्ट, रिट्राय’ येऊन सगळे हात बांधून बसायचे. लोक म्हणाले सर्व्हर खराब, नवा घ्या. मी मल्टिमीटर घेऊन एकेका टीवर मोजत गेलो. टीची मधली पिन आणि बाहेरचं धातूचं कवच यांच्यामध्ये मोजलं तर 25 ओहम यायला हवेत, कारण दोन्ही टोकांचे टर्मिनेटर समांतर येतात. कॅशियरच्या टेबलामागे 25 दिसत होते. त्यांनी खालचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि काटा 50 वर गेला. खणाच्या दांडीने केबल दाबली जायची आणि आतल्या तारेचा संपर्क तुटायचा. भरणा मोजायला ते अकराला तो खण उघडायचे. एक नवं कनेक्टर क्रिंप केलं आणि टेबल वीतभर पुढे सरकवलं. नवा सर्व्हर घ्यावा लागला नाही.

त्या दिवसापासून माझ्याकडे वही आहे. सर्व्हरच्या कुठल्या खणात कुठल्या सिरियल नंबरची डिस्क, कधी बसवली, कंट्रोलरची फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कुठली, स्विचच्या कुठल्या पोर्टला कुठली वायर, सगळं तारखेसकट. उद्या मी नसलो तरी दुसरा माणूस ती वही उघडून काम करू शकेल. जुगाड करणारा वही ठेवत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर थोडक्यात. 2003 चा सपोर्ट 14 जुलै 2015 ला संपला हे मला ठाऊक आहे. तो सर्व्हर वेगळ्या स्विचवर आहे आणि त्याला इंटरनेट नाही. क्लाउडचं म्हणाल तर या सर्व्हरवर फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रणालीत लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधली कर्जखाती आहेत. ज्यांनी ते सॉफ्टवेअर लिहिलं ते आता हा धंदा करत नाहीत, आणि लेखापरीक्षक जुने उतारे मागतात तेव्हा ते तिथूनच काढावे लागतात. डॉट मॅट्रिक्सही हौसेसाठी ठेवलेला नाही. कार्बन प्रतीचा कागद लेझरवर छापता येत नाही.

बॅकअप रोज रात्री होतो आणि त्याची नोंद असते. तो उतरवून पाहायला दुसरं मशीन लागतं, ते त्या ऑफिसात नव्हतं. डिस्क लाल दिवा दाखवत असताना आठवडाभर मशीनची वाट पाहायची की नवी डिस्क आत सरकवायची, हा निर्णय त्या रात्री तिथे उभं राहून घ्यावा लागतो. मी घेतला आणि तो बरोबर ठरला. या विषयावर इथे आणखी वाद घालणार नाही.

प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी लिहाल तेव्हा एवढं करा, चूक दाखवा आणि माणसाला सोडा.

येत्या रविवारी त्याच सर्व्हरवर जातोय. दोन नंबरच्या खणातल्या डिस्कवरही आता बिघाडाची पूर्वसूचना येऊ लागली आहे. नवी डिस्क आणून ठेवली आहे, शिवाय ओळखीतून एक जुनं मशीन दोन दिवसांसाठी मिळालंय. डिस्क बदलण्याआधी बॅकअप त्यावर उतरवून पाहणार आहे. तुमची प्रतिक्रिया येण्याआधीच हे ठरलं होतं.