दहा हजार पावलं आणि मोडीची एक ओळ

गेल्या वर्षी माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला मैत्रिणींनी प्रेमाने एक यादी हातात ठेवली. पहाटे पाचला उठायचं, दहा हजार पावलं चालायची, झोपताना डायरीत दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. आठ महिने मी हे मनापासून केलं. पण डायरी उघडली की पोटात गोळा यायचा. आज तिसरी गोष्ट काय लिहू? आनंदाचाही गृहपाठ झाला होता, आणि तो अपुरा राहिला की वाटायचं, खोट माझ्यातच आहे.

पुढे वाचनात आलं की दहा हजार हा आकडा मुळात वैद्यकाचा नव्हेच. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. चालणं चांगलंच आहे, मी आजही चालते. फक्त मोजत नाही.

त्याच सुमारास माहेरच्या माळ्यावर ट्रंकेत पणजोबांच्या वेळचे कागद सापडले, सगळे मोडी लिपीत. मी वर्ग लावला. मोडीत आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगत जायची. शब्दाशब्दांत जागा सोडलेली नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. शब्द कुठे तुटतो ते आपणच ताडायचं. एका ओळीला मी तीन रात्री घातल्या, स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटखाली, भिंग घेऊन. आधी 'पाणी' लागलं, मग 'विहीर'. रात्री एकला बाकीचं उलगडलं आणि मी ओरडलेच. हे धडपडत बाहेर आले. "काय झालं गं?"

"अहो, एक दिवसाआड! दोघा भावांनी विहिरीचं पाणी एक दिवसाआड घ्यायचं!"

त्यांनी काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. इतका आनंद मला त्या आठ महिन्यांत एकदाही झाला नव्हता.

जगातल्या देशांचा आनंद मोजणारा एक अहवाल २०१२ पासून निघतो. त्यासाठी लोकांना विचारतात, शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांपुढे आणा, सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्या दृष्टीने सर्वांत चांगलं आयुष्य. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? त्या वरच्या पायरीवर काय असतं, ते मात्र कुणी सांगत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं. मला हे फार पटलं.

काका गेल्यावर आम्ही सगळ्यांनी मावशीला योगवर्ग लावायला सांगितलं, छंद लाव म्हटलं. ती रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर जाऊन बसायची, गाड्या लागताना-सुटताना बघत. "तिथे काय ठेवलंय?" म्हणून मीसुद्धा तिला टोकलं होतं. घरी येताना तिचा चेहरा निवलेला असायचा, तो मी पाहिलाच नाही. आज ती नाही, आणि हे फार लागतं मनाला.

ट्रंकेत अजून पुष्कळ कागद आहेत. काल दुसरा उघडला. पहिल्याच ओळीत कुणा बाईचं नाव आहे असं वाटतंय, अजून लागत नाहीये. आज रात्री परत बसणार आहे.