पहिलं द्विशतक कुणाचं?

परवा रात्री अभ्यासिकेतले सराव परीक्षेचे पेपर तपासत बसलो होतो. क्रीडा विभागातला प्रश्न होता: 'आंतरराष्ट्रीय एकदिवसीय क्रिकेटमध्ये पहिले द्विशतक कोणी झळकावले?' पर्याय सचिन तेंडुलकर, वीरेंद्र सेहवाग, रोहित शर्मा आणि 'यांपैकी नाही'. सगळ्या पोरांनी सचिनवर खूण केलेली. एका मुलीने 'यांपैकी नाही' निवडलं होतं आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बेलिंडा क्लार्क, 1997'. उत्तरतालिकेत सचिन होता, म्हणून मी तिचा गुण कापला.

सकाळी ती पेपर घेऊन आली. "सर, हे चूक कसं काय?" आवाज चढलेला नव्हता, पण कागद धरलेला हात थरथरत होता. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी आहे ती, एकेका गुणाचं मोल तिला ठाऊक आहे. मी तिथंच तिच्यासमोर शोधून पाहिलं. तिचंच बरोबर होतं. गुण परत दिला आणि संध्याकाळच्या वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की चूक उत्तरतालिकेची होती आणि ती न पडताळण्याची चूक माझी.

16 डिसेंबर 1997. महिला विश्वचषक भारतात चालू होता. ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध 155 चेंडूंत नाबाद 229 धावा केल्या. संघाच्या 412 झाल्या आणि डेन्मार्कचा डाव 49 धावांत आटोपला. सचिनच्या ग्वाल्हेरच्या नाबाद 200 धावा 24 फेब्रुवारी 2010 च्या, म्हणजे मधे बारा वर्षांहून जास्त काळ गेला. आणि क्लार्कची ती खेळी झाली कुठे? मुंबईत, वांद्रे पूर्वेच्या एमआयजी मैदानावर! सचिन ज्या साहित्य सहवासात लहानाचा मोठा झाला, ती वसाहत तिथून पायी जाण्याच्या अंतरावर. आपल्या अंगणात घडलेली गोष्ट आपल्याच ठोकळ्यांमध्ये, म्हणजे स्पर्धा परीक्षांच्या जाडजूड गाईडांमध्ये नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सचिन माझा देव आहे, त्याची थोरवी यानं तसूभरही कमी होत नाही. प्रश्नात 'पुरुषांच्या' हा एक शब्द घातला असता तर प्रश्न निर्दोष झाला असता.

तो शब्द आपल्याला घालावासाच वाटत नाही, माझं दुखणं तिथं आहे. 'पहिला क्रिकेट विश्वचषक कधी?' पोरं झोपेतसुद्धा 1975 सांगतात. महिलांचा पहिला विश्वचषक 1973 साली इंग्लंडमध्ये झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. 2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीतच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, त्यात आमच्या सांगलीची स्मृती मानधना होती, तेव्हा सगळ्यांनी फटाके वाजवले. आता तरी आधीच्या पन्नास वर्षांची पानं वह्यांमध्ये यायला हवीत.

मी बारा वर्षं सामान्य ज्ञान शिकवतोय. क्रीडा विभाग आला की पोरं वन लायनरची यादी काढतात आणि घोकायला लागतात. चषक, वर्ष, विजेता, मैदान. आठवड्यात सगळं धुऊन जातं, कारण ते का झालं हे कुणी सांगितलेलंच नसतं. कारण कळलं तर विसरायची सोय नाही. पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना 5 जानेवारी 1971, मेलबर्न. ही तारीख माझ्या वर्गात कुणी चुकत नाही, कारण मी पावसापासून सुरुवात करतो. अ‍ॅशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया) मालिकेतली कसोटी पावसाने धुऊन काढली, लोकांचा हिरमोड होऊ नये म्हणून शेवटी एका दिवसाचा सामना ठेवला, आठ चेंडूंची एकेक अशी 40 षटकं. बघायला 46 हजार माणसं आली. तसंच विश्वचषकाच्या षटकांचं. 1983 ला कपिलच्या संघाने 183 धावा करून वेस्ट इंडिजला 140 वर रोखलं तेव्हा सामना 60 षटकांचा होता. 1987 ला स्पर्धा भारत-पाकिस्तानात आली. इंग्लंडच्या उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड असतो, आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सहा वाजता दिवेलागण. म्हणून षटकं 50 झाली.

हॉकीवर मात्र मला थोडं थांबायचंय.

ठोकळ्यात पहिली ओळ असते, 'हॉकी हा भारताचा राष्ट्रीय खेळ आहे.' 2012 साली माहितीच्या अधिकारात विचारल्यावर केंद्र सरकारने स्वतः कळवलं की कोणताही खेळ राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केलेला नाही. तरी ती ओळ पुसली जात नाही. दुसरी ओळ, 'सामन्याचा कालावधी 70 मिनिटे'. आंतरराष्ट्रीय सामना आता पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे 60 मिनिटांचा असतो. तिसरी ओळ, '8 ऑलिंपिक सुवर्णपदके'. ही बरोबर आहे. 1928 ते 1956 सलग सहा, मग 1964 आणि 1980. पुढे पान उलटतं. पण 1980 नंतर थेट टोकियोच्या कांस्यापर्यंत 41 वर्षं एकही पदक का नाही, हे विचारायला नको?

मार्च 1975 मध्ये क्वालालंपूरला आपण पाकिस्तानला 2-1 ने हरवून विश्वचषक जिंकला. निर्णायक गोल ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांचा. पुढच्याच वर्षी माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर (बनावट गवतावर) खेळली गेली आणि जगज्जेते आपण सातवे आलो. सुवर्ण नेलं न्यूझीलंडने.

आमच्या शाळेचं मैदान मुरमाचं होतं. तिथं चेंडू सरळ येतच नसे, खड्यावर उडायचा, टप्पा चुकवायचा. तो स्टिकवर 'मारायला' शिकण्यात दोन वर्षं जात. मारणं म्हणजे टोलवणं नव्हे, येणारा चेंडू जागीच मरून पडला पाहिजे. ते जमलं की मग मनगटाचं काम, डावी-उजवीकडे चकवत न्यायचं. भारताची अख्खी हॉकी याच हातांवर उभी होती. टर्फवर चेंडू गालिच्यावरून घरंगळावा तसा येतो, सरळ आणि वेगाने. थांबवण्याची कला प्रत्येकाला सोपी झाली आणि खेळ पळण्याच्या दमाकडे, ताकदीच्या फटक्याकडे सरकला. युरोपात गावोगावच्या क्लबांत टर्फ आले. आपल्याकडची पोरं मात्र गवतावर नाहीतर मुरमावर शिकायची आणि मोठ्या स्पर्धेला टर्फवर उतरायची. आपल्या कारभाऱ्यांचे दोष होतेच, ते झाकायचे नाहीत. पण पोरांच्या पायाखालची जमीन बदलली, हे मूळ कारण मला वाटतं.

याच काळात पुण्याच्या खडकीतून धनराज पिल्ले उभा राहिला. वडील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स ट्रॉफी, चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा माणूस. गाईडमध्ये त्याला अर्धी ओळ मिळते, 'धनराज पिल्ले - हॉकी'. जोड्या लावा.

जमिनीचीच गोष्ट टेनिसमध्येही आहे. 'विम्बल्डन - गवत, फ्रेंच ओपन - माती' एवढं पाठ करून भागत नाही. पॅरिसच्या कोर्टवर विटांची भुकटी पसरलेली असते, चेंडू तिच्यात रुततो, मंदावतो आणि उंच उसळतो. म्हणून राफेल नदालने तिथं 14 वेळा जिंकणं वेगळं आणि गवतावर जिंकणं वेगळं. अमेरिकन ओपन तर आधी गवतावर, 1975 ते 77 मातीवर आणि 1978 पासून हार्ड कोर्टवर. जिमी कॉनर्स ती स्पर्धा तिन्हीवर जिंकला! चेंडू पिवळा झाला तो रंगीत टीव्हीवर नीट दिसावा म्हणून, 1972 साली. विम्बल्डनने मात्र 1986 पर्यंत पांढरा सोडला नाही. एक साल सोबत लक्षात ठेवा: 1877. मेलबर्नला मार्चमध्ये पहिली कसोटी आणि जुलैमध्ये पहिलं विम्बल्डन.

लिएंडर पेसचं अटलांटा 1996 चं कांस्य सगळ्यांना पाठ असतं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर 44 वर्षांनी आलेलं वैयक्तिक पदक. पण त्याचे वडील डॉ. वेस पेस, मूळचे गोव्याचे, 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्य जिंकणाऱ्या हॉकी संघात होते, हे किती जणांनी शिकवलं? बापाचं पदक हॉकीचं, लेकाचं टेनिसचं, दोन्ही कांस्य, एकाच घरात. हे एकदा सांगितलं की दोन्ही सालं एकदम डोक्यात बसतात.

ठोकळे छापणाऱ्यांनी आणि प्रश्न काढणाऱ्यांनी दर आवृत्तीला क्रीडा विभाग एखाद्या जाणकाराकडून नीट तपासून घ्यावा, ही माझी हात जोडून विनंती आहे. खऱ्या परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीने टीप लिहायला जागा नसते. तिथं फक्त गोल काळा करायचा असतो. हरकत नोंदवायला शुल्क आणि पुरावा लागतो, मुदत चार दिवसांची असते, आणि ही पोरं मेसचे पैसे वाचवून राहतात.

या सोमवारपासून वर्गात मी आधी 'का' विचारणार आहे, साल नंतर. तुमच्यापैकी कुणी सत्तर-ऐंशीच्या दशकात मुरमावर हॉकी खेळलं असेल, पहिल्यांदा टर्फवर पाय ठेवल्याचं आठवत असेल, तर खाली नक्की लिहा. चार ओळी असल्या तरी चालतील. मी त्या वर्गात वाचून दाखवीन, आणि वाचायला उभं करीन ते त्या पेन्सिलीवाल्या मुलीला.