हक्क लिहून दिला, आता रॉयल्टी कुणाला?

केंद्र सरकारच्या डीपीआयआयटी या उद्योग आणि अंतर्गत व्यापार पाहणाऱ्या विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एआय आणि कॉपीराइटबद्दल एक प्रस्ताव मांडला. कायदेशीर मार्गाने हाती आलेलं कोणतंही साहित्य एआय कंपन्यांना प्रशिक्षणासाठी सरसकट वापरू द्यावं, हक्कधारकाला नकाराची मुभा नसावी, पण त्याला रॉयल्टी मिळावी, आणि ती गोळा करून वाटायला एक मध्यवर्ती संस्था असावी, असा त्याचा गाभा. देशात त्यावर वृत्तसंस्था बोलल्या, संगीत आणि चित्रपटवाले बोलले, सॉफ्टवेअर उद्योगानेही विरोध नोंदवला. एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात २०२४ मध्ये दावा लावल्यापासून हा वाद बातमीदारीच्या अंगाने तापलेलाच होता. शोधनिबंध लिहिणाऱ्यांची बाजू मात्र या गदारोळात फारशी कानावर आली नाही. मी ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात, प्राध्यापकांचे लेख सर्वांना खुले करून देण्याच्या कामावर आहे. त्यामुळे ही उणीव मला जास्त टोचते.

रॉयल्टी हक्कधारकाला मिळणार, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण शोधनिबंधाचा हक्कधारक कोण? संशोधकाचा पगार विद्यापीठ देतं, प्रयोगाचा खर्च बहुतेक वेळा जनतेच्या पैशातून होतो, समीक्षक फुकट वाचून देतात, आणि छापून येण्याआधी लेखक एका करारावर सही करतो. वर्गणीवर चालणाऱ्या बहुतेक जर्नलांत त्या सहीने कॉपीराइट तरी प्रकाशकाकडे जातो, किंवा एकमेव वापराचा परवाना तरी. म्हणजे पुण्याच्या किंवा गुवाहाटीच्या संशोधकाच्या लेखावर यंत्र शिकलं, तर त्याची रॉयल्टी बहुधा ॲमस्टरडॅम, लंडन नाहीतर न्यूयॉर्कला पोचेल. ज्यांना आपण वाचण्यासाठी आधीच पैसे मोजतो, त्यांनाच आपला कायदा आणखी एक उत्पन्न जोडून देईल.

यंत्रांना लेख विकून पैसे कसे मिळतात, हे इथे आधीच दिसलं आहे. मे २०२४ मध्ये टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकाची पालक कंपनी इन्फॉर्मा हिने मायक्रोसॉफ्टशी करार जाहीर केला. त्यातली सुरुवातीची रक्कमच १ कोटी डॉलरहून जास्त होती. ज्यांचे लेख आणि पुस्तकं त्या कराराखाली गेली, त्यांतल्या अनेकांना ते बातमीतून कळलं. वायली या प्रकाशकानेही तसेच करार केले. केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने मात्र लेखकांना पत्र लिहून त्यांची संमती मागितली. विचारणं अशक्य आहे, लेखक फार आहेत, ही सबब त्यानंतर मला पटेनाशी झाली.

आता ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेकडे बघा: जर्नलांची वर्गणी केंद्र सरकार एकत्र भरतं आणि सरकारी संस्थांतल्या सगळ्यांना ती वाचता येतात. २५ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था. ब्रिटनमधले माझे सहकारी या आकड्यांकडे आदराने पाहतात, आणि मीही या योजनेच्या बाजूची आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आयआयटीतल्या मुलाइतकंच वाचायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. तो पैसा खुल्या प्रकाशनावर लावायला हवा होता, असं म्हणणाऱ्यांचं तत्त्व बरोबर आहे, पण त्या मुलीने तोवर थांबावं असं मी म्हणू शकत नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. या करारांत वाचक म्हणून माणूस धरलेला असतो. उद्या त्याच मुलीला मलेरियावरचे वीस हजार लेख प्रोग्रॅमकडून चाळून घ्यायचे असतील, तर तिला तो हक्क आहे का? ब्रिटनमध्ये २०१४ पासून कायद्यानेच आहे: ज्याला लेख वाचायचा अधिकार आहे, त्याला अव्यापारी संशोधनासाठी संगणकाकडून त्याचं विश्लेषण करून घेता येतं, आणि प्रकाशकाने करारात ‘नाही’ लिहिलं तरी ते अट म्हणून टिकत नाही. वर्गणीचे करार नव्याने होताना एआयबद्दलची बंधनं हळूच आत शिरतात, तेव्हा हेच कलम आमच्या कामी येतं. भारतीय कायद्यात संशोधनासाठी वाजवी वापराची सवलत आहे, पण यंत्राने वाचण्याबद्दल स्पष्ट शब्द नाहीत. समितीने तशी वेगळी सूट देण्याचा मार्गही नाकारला आहे. म्हणजे पैसे मोजणाऱ्या कंपनीला हमखास परवाना, आणि विद्यापीठातल्या संशोधकाला संदिग्धता. हे उलट झालं आहे, आणि ते आताच सुधारायला हवं.

इथलं सगळं आदर्श आहे असं मात्र नाही. यूकेआरआय या संशोधनाला सरकारी निधी देणाऱ्या ब्रिटिश संस्थेने एप्रिल २०२२ पासून आपल्या पैशातून झालेला लेख पहिल्या दिवसापासून खुला करणं बंधनकारक केलं, तेही सीसी बाय परवान्यावर. म्हणजे नाव द्या आणि हवं तसं वापरा. इतिहास आणि साहित्याचे प्राध्यापक आता मला विचारतात, की यंत्र आमचं लिखाण गिळतं आणि नावही घेत नाही, मग ‘नाव द्या’ला अर्थ काय उरला? त्यांचा राग खरा आहे. कोणत्या साहित्यावर यंत्र शिकवलं हे कंपन्यांनी सांगावं, यासाठी ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाने २०२५ मध्ये डेटा विधेयकावर पुन्हा पुन्हा दुरुस्त्या पाठवल्या; शेवटी कायदा त्या दुरुस्त्यांशिवायच झाला.

याच रागातून देशातली एक मैत्रीण परवा फोनवर म्हणाली, “अगं, आपले प्रबंध शोधगंगेवर उघडे पडलेत. बंद करून टाकायला हवेत.” शोधगंगेवर पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, कोणालाही मोफत वाचता येतील असे. तिची भीती मला समजते. आमच्या विद्यापीठाच्या खुल्या लेखांच्या ऑनलाइन भांडारावर बॉटांचे, म्हणजे मजकूर आपोआप उचलणाऱ्या प्रोग्रॅमांचे, असे लोंढे येतात की खऱ्या वाचकाला पान उघडत नाही. जगभरच्या भांडारांची संघटना असलेल्या कोआरनेही २०२५ मध्ये हेच नोंदवलं. उलट दिशेने यंत्राने लिहिलेल्या मजकुराचा पूर येतो: लेख छापून येण्याआधीच खुले ठेवणाऱ्या अर्काइव्ह या संकेतस्थळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये संगणकशास्त्रातले आढावा लेख समीक्षणाशिवाय घेणं थांबवलं.

तरीही बंद करणं मला साफ चुकीचं वाटतं. मोठ्या कंपनीला कुलूप अडवत नाही. ती प्रकाशकाशी करार करते. कुलूप अडवतं ते शाळेतल्या शिक्षकाला, शेतकऱ्यांसोबत काम करणाऱ्या कार्यकर्त्याला, परदेशात बसून मराठी साधनं शोधणाऱ्या माझ्यासारखीला. शिवाय मराठीतलं संशोधन आधीच छापील अंकांत आणि कपाटांत अडकलं आहे. यंत्राला महानुभाव साहित्याबद्दल किंवा दुष्काळाच्या अर्थकारणाबद्दल विचारलं, तर इंग्रजीत जे सापडेल त्यावरच ते बोलतं. खुलं आहे ते बंद केलं तर ही दरी वाढेल. बॉटांचा वेग रोखणं, एकगठ्ठा मजकुरासाठी वेगळं दार ठेवून कंपन्यांकडून त्याचा खर्च घेणं, हे तांत्रिक उपाय आहेत आणि ते करता येतात.

भारताकडे आज एक ताकद आहे, जी ब्रिटनकडे नाही. इथे जिस्क ही विद्यापीठांची सामाईक संस्था सर्वांच्या वतीने प्रकाशकांशी बोलणी करते, पण सही करायची की नाही हे शेवटी प्रत्येक विद्यापीठ ठरवतं. आपल्याकडे खरेदीदार एक आहे आणि करार २०२७ च्या अखेरीस संपतात. पुढच्या बोलणीत दर कमी करून घेण्याआधी तीन गोष्टी कागदावर याव्यात: भारतीय लेखकाला आपल्या लेखाची स्वीकृत प्रत, म्हणजे समीक्षेनंतर स्वीकारलेला पण प्रकाशकाने अजून न मांडलेला मजकूर, लगेच शोधगंगेसारख्या सार्वजनिक भांडारात ठेवता यावी, विद्यार्थ्याच्या प्रोग्रॅमला ती १३,००० जर्नलं वाचता यावीत, आणि प्रकाशकाने आपले लेख कोणत्या एआय कंपनीला किती रकमेत विकले ते दरवर्षी जाहीर करावं. यांपैकी पहिली मागणी ग्रंथपालांच्या संघटनांनी आणि विद्यापीठांच्या कुलगुरूंनी यंदाच इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे ही योजना आणि शोधगंगा चालवणाऱ्या केंद्राकडे, लेखी नोंदवावी, कारण अशा करारांची कलमं सहीच्या बरीच आधी ठरतात.