उडणाऱ्या पोराच्या दप्तरात वजनं कुणी भरली?

स्पॉयलर भरपूर आहेत. ‘मूव्हिंग’ पाहायची राहिली असेल तर इथूनच परत फिरा, नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

वीस भागांची ही कोरियन सिरीज २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आली. मूळ कांग फुल या चित्रकथाकाराची वेबटून, म्हणजे इंटरनेटवरची चित्रकथा, आणि सिरीजची पटकथाही त्यानेच लिहिली. पुढच्या वर्षी कोरियातल्या बेकसांग पुरस्कारांत टीव्ही विभागाचा सर्वोच्च मान तिला मिळाला. तरी आमच्या पाचपाखाडीच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर तिचं नाव कधी निघालं नाही. ‘सुपरपॉवरवाली शाळकरी मुलं’ म्हटलं की सगळ्या जणी ते मुलांच्या खात्यात टाकून मोकळ्या होतात. म्हणून हे लांबण.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही सिरीज स्वयंपाकघरात आणि दुकानाच्या गल्ल्यावर असते तोवर अप्रतिम आहे. हाणामारीला उतरली की चारचौघींसारखी होते. आणि ज्या मुलांच्या नावाने हे सगळं मांडलं, त्यांनाच अर्ध्या वाटेवर विसरते.

बोंग-सोक हा शाळेच्या शेवटच्या वर्षातला गोलमटोल, लाजाळू मुलगा. आनंद झाला, भीती वाटली, आवडती मुलगी शेजारी येऊन बसली, की याचे पाय जमिनीवरून सुटतात. त्याला ते आवरत नाही. आई मि-ह्यन त्याच्या पायांना वजनं बांधते, दप्तर जड करून देते आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवायला घालते. पोरगा वजनदार राहिला तर खाली राहील, हा तिचा साधा हिशोब. आणि तो बिचारा उडू नये म्हणून मनातल्या मनात ‘पाय’ या संख्येचे दशांश घोकतो, ३.१४१५९२६५ आणि पुढे. मी ठाण्यात गणिताचे क्लास घेते. या संख्येचा इतका जीवनोपयोगी वापर मला कुठल्याही बोर्डाच्या पुस्तकात आजवर दिसलेला नाही.

ही आई बघताना मला आमच्या क्लासच्या जिन्यात थांबलेले पालक दिसत होते. दहावीचं वर्ष लागलं की दादोजी कोंडदेव स्टेडियमवर सकाळी धावणारी मुलगी धावायची थांबते. गडकरीला बालनाट्य गाजवलेला मुलगा तालमीला जायचा बंद होतो. ‘एकच वर्ष हो मॅडम, मग आहेच की.’ मग बारावी येते, सीईटी येते, आणि ते ‘मग’ काही येत नाही. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, म्हणून तर त्यांच्याशी भांडता येत नाही. मि-ह्यनचं कारण अर्थात जास्त गंभीर आहे. ती स्वतः गुप्तचर खात्यात होती. असं मूल सरकारच्या नजरेला पडलं तर त्याचं काय करतात हे तिला माहीत आहे. तरीही मुलाला जमिनीवर दाबून ठेवणारी ती आईच आहे, आणि सिरीज तिला ना खलनायिका करत, ना त्यागमूर्ती. जेवणाचा डबा भरताना तिच्या चेहऱ्यावर जे चाललेलं असतं ते हान ह्यो-जूने काय केलंय म्हणून सांगू!

ही-सूचंही तसंच. तिला जखम झाली तर तिथल्या तिथे भरून येते. आता अशा मुलीने काय करावं? ती शाळेच्या व्यायामशाळेत उभ्या जागेवरून लांब उडीचा सराव करते, कारण तिला क्रीडा महाविद्यालयात प्रवेश हवाय. अभ्यासात यथातथा आहे आणि बापाचं तळलेल्या चिकनचं दुकान नुकतंच सुरू झालंय. शरीर मरायला तयार नाही, पण फीची काळजी सुटत नाही! दुसऱ्या एखाद्या लेखकाने तिला दुसऱ्याच भागात कुणाचा तरी जीव वाचवायला पाठवलं असतं. कांग फुल तिला टेप धरून सेंटिमीटर मोजायला लावतो. पहिले सात भाग या अशा बारीकसारीक गोष्टींवर उभे आहेत आणि मला ते अजिबात संथ वाटले नाहीत.

माझ्या मुलाला वाटले. त्याची आवडती ‘जेन व्ही’, त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस आलेली अमेरिकन सिरीज. गोडॉल्किन नावाची युनिव्हर्सिटी, तिथे शक्ती असलेली कॉलेजची मुलं, आणि ही शक्ती काही जन्मजात नाही. पैशाच्या आणि नावाच्या लोभाने आईबापांनीच तान्हेपणी कंपनीचं औषध टोचून घेतलेलं. हिची धार मी मान्य करते. पहिली पाळी येते त्या दिवशीच मुलीला कळतं की रक्त आपलं ऐकतं, आणि त्या गोंधळात तिच्याच हातून आईबाप मरतात, हे लिहायला छाती लागते. पण पुढे पुढे रक्तमांसाचा इतका सडा पडतो की कुणाच्या मरण्याचं काही वाटेनासं होतं. मला गंमत याची वाटली की एकाच वर्षी दोन देशांत दोन गोष्टी निघाल्या. एकीत पालक मुलात शक्ती घालतात, दुसरीत पालक ती झाकतात, आणि दोन्हीकडे मुलाला कुणी विचारलेलं नाही. आमच्या घरात यावरून जे वाद झाले ते इथे लिहीत नाही. पोरगा फेसबुकवर नसतो, पण त्याची आत्या असते.

तर आठव्या भागापासून ‘मूव्हिंग’ चक्क मागे जाते, आईबापांच्या तरुणपणात. इथे बरेच जण सिरीज सोडतात असं ऐकलंय. सोडू नका, खरा ऐवज इथेच आहे. मि-ह्यनला दू-शिकवर, म्हणजे बोंग-सोकच्या उडणाऱ्या बापावर, नजर ठेवायला सांगितलेलं असतं आणि तो पठ्ठ्या तिच्या खिडकीबाहेर हवेत तरंगत उभा. दोघं टोंकात्सू खायला जातात, म्हणजे चुऱ्यात घोळवून तळलेला डुकराच्या मांसाचा काप. पुढे नवरा नाहीसा झाल्यावर ती त्याच पदार्थाचं हॉटेल काढते. का, ते कुणी संवादात सांगत नाही. आपल्याकडच्या मालिकेत याच प्रसंगावर तिच्या मनातला आवाज, त्यावर सासूचा आवाज आणि मग तीन वेळा वीज कडाडली असती.

ही-सूचा बाप जू-वॉन हा तर माझा लाडका. एकेकाळचा गुंड, अंगावर कितीही वार झाले तरी मरत नाही, आणि रस्ते मात्र लक्षात राहत नाहीत. लॉजमध्ये बसून मारामारीच्या कादंबऱ्या वाचणारा हा धिप्पाड माणूस स्कूटरवरून कॉफी पोचवणाऱ्या जी-हीच्या प्रेमात पडतो. तिच्या मृत्यूनंतर र्यू सुंग-र्योंग ज्या तऱ्हेने रडलाय तसं रडणं मी पडद्यावर क्वचित पाहिलंय. त्याचं शरीर सगळं भरून काढतं, एवढं एक सोडून. तक्रारही इथेच नोंदवते. जी-ही इतकी जिवंत उभी केली आणि मग अपघातात मारून टाकली, नवऱ्याला दुःख देण्यापुरती. बाईला मारून पुरुषाच्या पात्राला खोली द्यायची ही सवय कोरियन लेखकांनाही आहे म्हणायची.

जे-मानचा भाग मात्र चुकवू नका. बुद्धीने लहान राहिलेला, ताकदीने अफाट, बायको-मुलावर जीव टाकणारा. त्याची गोष्ट सोलमधल्या चॉंगग्येचॉन ओढ्याकाठच्या फेरीवाल्यांना हटवलं गेलं त्या काळाशी जोडली आहे. ते काम २००३ मध्ये सुरू झालं आणि आज तो ओढा पर्यटकांचं आवडतं ठिकाण आहे. नदीकाठ सुशोभीकरणाची सुंदर चित्रं आपणही होर्डिंगवर बघत असतोच. अतिक्रमणवाल्यांची गाडी आली म्हणून वजनकाटा पोटाशी धरून पळणारी भाजीवाली त्या चित्रात नसते. सुपरपॉवरच्या सिरीजमध्ये हे येईल असं वाटलं नव्हतं.

आता शेवटचे भाग. उत्तर कोरियाचे लोक शाळेवर चालून येतात आणि मग भिंती फुटतात, फुटतात, फुटतच राहतात. कोण कुणापेक्षा जोरात मारतो एवढाच प्रश्न उरतो. कॅमेरा उत्तम, स्टंट उत्तम, मी मध्ये उठून दुधाला विरजण लावून आले. दुःख याचं की हल्लेखोरांनाही लेखकाने माणूस केलंय. तेही आपल्या सरकारने वापरून फेकलेले. पण त्यांच्या कहाण्या ऐन मारामारीत मध्येच घुसडल्या आहेत, त्यामुळे धड दया येत नाही की राग येत नाही. फ्रँक नावाच्या मारेकऱ्यासाठी सुरुवातीला एवढी जागा दिली, त्यातली थोडी यांना दिली असती तर? शिवाय क्ये-दो, अंगात वीज खेळणारा बसचालक. एवढं झकास पात्र, आणि वाट्याला आलं ते कमीच. हिंसाचाराचंही सांगून ठेवते, शाळेचे गणवेश पाहून धाकट्यांना शेजारी बसवू नका.

पण माझा खरा राग गांग-हूनवरून आहे. जे-मानचा मुलगा, वर्गाचा मॉनिटर, अबोल. बापाची ताकद त्याच्यात उतरली आहे. बापाची पोलिसांतली जुनी नोंद पुसली जावी म्हणून तो आपणहून गुप्तचर खात्याशी सौदा करतो. ज्या दारातून बाकीच्यांचे आईबाप जीव घेऊन पळाले, त्याच दारातून हा स्वतःच्या पायांनी आत जातो, तेही बापासाठी. वीस भागांतला सगळ्यात अवघड निर्णय एका पोराने घेतलाय आणि सिरीज त्याच्यापाशी थांबतसुद्धा नाही, कारण तोवर तिला भिंती फोडायच्या असतात. बोंग-सोकला निदान आकाश मिळालं. ही-सूला शेवटाकडे तिच्या बापाच्या सावलीतच उभं केलंय.

दुसऱ्या सीझनची घोषणा २०२४ मध्ये झाली आहे. कांग फुल यांना मराठी येत असण्याची शक्यता कमी, तरी इथे लिहून ठेवते. उत्तर-दक्षिण पुरे झालं. गांग-हून सरकारी नोकरीचा पहिला पगार घेऊन बापाच्या वाणसामानाच्या दुकानात येतो, बाप त्याला नेहमीप्रमाणे थंड दुधाची बाटली काढून देतो, आणि मुलाला आज कामावर काय करायला लावलं हे बापाला सांगता येत नाही, तो एक भाग लिहा. तासाभराचा. मारामारी नसली तरी चालेल.