सोंगक्रानला जाताय? मग सोंग तरी नीट घ्या

एप्रिलच्या 14 तारखेला आंबेडकर जयंतीची सुट्टी असते. तिच्या मागेपुढे दोन रजा चिकटवल्या की थायलंड होऊन जातं, आणि तिकीट गोव्याच्या हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं असं आपल्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं असतंच. नेमका त्याच दिवसांत तिकडे सोंगक्रान असतो. थाई नववर्ष, 13 ते 15 एप्रिल, रस्तोरस्ती पाणी. मी नुकताच उत्तर थायलंडमधल्या चियांग माईत तो करून आलोय. डाव्या कानात अजून खळखळ ऐकू येते. तेव्हा अनुभवी माणूस या नात्याने चार हिताच्या गोष्टी सांगतो.

सगळ्यात आधी, जाण्यापूर्वी काहीही वाचू नका. वाचलंत तर कळेल की सोंगक्रान हा शब्द म्हणजे आपली संक्रांतच, फक्त मकरेची नाही, मेषेची. मग उगाच तिळगूळ आठवेल, वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं आठवेल, आणि ट्रिपचा विचका होईल. युनेस्कोने डिसेंबर 2023 मध्ये या सणाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ते त्यांचं ते बघून घेतील. 13 एप्रिल हा तिथे ज्येष्ठांचा दिवस आणि 14 एप्रिल कुटुंबाचा दिवस म्हणून पाळतात, गावाकडची बस पकडून लोक आईबापांकडे जातात, त्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद घेतात. असलं काही डोक्यात शिरलं की बंदुकीचा नेम चुकतो.

गोष्टी तर अजिबात ऐकू नका. आमच्या गेस्टहाउसच्या मालकीणबाईंनी नाश्त्याला एक सांगितलीच. कबिल फ्रोम नावाचा देव, म्हणजे आपल्याच कपिल आणि ब्रह्माची काहीतरी सरमिसळ, एका हुशार पोराला कोडं घालतो: माणसाची श्री सकाळी कुठे असते, दुपारी कुठे, संध्याकाळी कुठे? हरणाऱ्याने डोकं द्यायचं. पोराला पक्ष्यांची भाषा येते, झाडावरच्या गरुडांच्या गप्पांतून त्याला उत्तर मिळतं. सकाळी तोंडावर, म्हणून माणसं तोंड धुतात. दुपारी छातीवर, म्हणून तिथे अत्तर लावतात. संध्याकाळी पायांवर, म्हणून पाय धुऊन झोपतात. देव हरतो. पण त्याचं डोकं जमिनीला टेकलं तर आग लागेल, समुद्रात पडलं तर समुद्र आटेल, म्हणून त्याच्या सात मुली दर वर्षी आळीपाळीने ते हातात घेऊन मिरवतात. त्या सोंगक्रानच्या देव्या. यातलं तुम्हाला फक्त दुपारचं उत्तर लक्षात राहणार, हे मला माहीत आहे.

बंदूक मोठी घ्या. पाठीवर टाकी असलेली. जास्त दाबाच्या बंदुकांना मनाई असते, पण नियम काय, स्थानिकांसाठी असतात.

मोबाइलसाठी गळ्यात अडकवायची प्लास्टिकची पिशवी मिळते. तीही घ्या. ती गळते.

चियांग माईच्या जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे. एकेक बाजू दीड किलोमीटरच्या आसपास. सगळा धिंगाणा त्याच्या काठाने चालतो, कारण दोरी बांधलेली बादली सोडली की पाणी हजर. पाणी हिरवट असतं. तोंड उघडं ठेवून हसा.

स्कूटर भाड्याने घ्या, हेल्मेट हँडलला लटकवा, आणि समोरून दुचाकी आली की चालवणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर पाणी मारा. तिथलं सरकार या आठवड्याला ‘सात धोकादायक दिवस’ म्हणतं आणि रोज मेलेल्यांची बेरीज जाहीर करतं. बहुतेक वर्षी ती दोनशेच्या वर जाते. पण तुम्ही सुट्टीवर आहात, आकडे बघायला नाही.

भिक्खूंवर पाणी मारू नये म्हणतात. म्हणू देत.

आता चुन्याचं. डिन सो फोंग म्हणून पांढरी माती मिळते, पाण्यात कालवून एकमेकांच्या गालाला बोटभर लावायची. आशीर्वादाची खूण, उन्हात गारवाही. एप्रिलमध्ये चियांग माई चाळिशीला टेकलेलं असतं. पण तुमच्या हे लक्षात आलंच असेल की ओल्या कपड्यांतल्या अनोळखी बाईच्या तोंडाला हात लावण्याचा हा जगातला एकमेव अधिकृत परवाना आहे. गालावरून मान, मानेवरून खांदा, आणि मग गर्दी होती हो, धक्का लागला. आपल्याला हे शिकवावं लागत नाही. लोकलच्या लेडीज डब्यावर रुळांकडेच्या झोपडीआडून फुगे कोण मारतं? होळीच्या आधी पंधरा दिवस खिडकीशी बसायची सोय नसते. आणि विचारलं तर, सण आहे ना, मनावर काय घेता. तिकडेही असे विचारणारे निघतातच. 2018 साली तिथल्या अधिकाऱ्यांनी बायकांना सल्ला दिला, सोंगक्रानला तोकडे कपडे घालू नका. तेव्हा सिंडी सिरिन्या बिशप या मॉडेलने उलट ठणकावलं की आम्ही काय घालायचं ते आम्हाला सांगू नका, पुरुषांना हात आवरायला सांगा. मोहीम जगभर गेली. आपल्या ग्रुपवर तेवढी पोचली नसावी. रात्रीचे कुठले फोटो पोचतात ते माहीत आहे.

बरं, घरी सिंगापूर सांगितलं असेल तर स्टेटस ठेवू नका.

तीन दिवसांत हौस भागली नाही तर पट्टायाला जा, तिथे पाणी 19 तारखेपर्यंत चालतं.

देवळात गेलात तर वाळूचे छोटे स्तूप दिसतील, वर कागदी पताका खोचलेल्या. वर्षभर देवळातून जाताना पायांना जी वाळू चिकटून बाहेर गेली, ती लोक या दिवसांत ओंजळीने, बादलीने परत आणून टाकतात. आपण हॉटेलचा हेअर ड्रायर बॅगेत घालून आणणारी माणसं. स्तूपासमोर सेल्फी काढा आणि निघा.

आणि शेवटचा मुद्दा, हसण्याचा. थायलंड म्हणजे हसऱ्या लोकांचा देश, असं जाहिरातीतच लिहिलेलं असतं. तेव्हा समोरचा हसला की होकार समजायचा. त्याच्या गरम कढईत पाणी गेलं, तो हसला. तिच्या पाठीला बांधलेलं तान्हं दचकून रडायला लागलं, ती हसली. तो माय पेन राय म्हणाला, म्हणजे असू द्या, काही हरकत नाही. म्हणजे अजून मारा.

आपण हसत नाही का? दारात मंडळाची वर्गणीवाली पोरं उभी राहिली, पावतीवर आधीच आकडा टाकलेला, की आपण काय करतो? हसतो. साहेबाने सातव्यांदा तोच विनोद सांगितला की हसतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीने आपल्या पार्किंगवरून टोमणा मारला की सगळ्यात मोठ्याने आपणच हसतो. त्या हसण्याचा अर्थ आपल्याला बरोबर कळतो. विमानात बसलो की तेवढा एक अर्थ मुंबईत राहतो.

हे सगळं का बोलतोय, ते सांगतो.

14 तारखेची दुपार. था फे दरवाज्याच्या आत, एका गल्लीच्या तोंडाशी, खंदकाचा आरडाओरडा जिथे जरा कमी होतो तिथे, एक आजी बसल्या होत्या. लाल प्लास्टिकचं स्टूल, समोर बुटकं टेबल, त्यावर पायपुसण्याएवढा पांढरा रुमाल, आणि रुमालावर चांदीचं नक्षीदार भांडं. भांड्यात पिवळसर पाणी. त्यात मोगऱ्याची फुलं आणि चेपट्या, भाजलेल्या, तपकिरी शेंगा. मी वाकून बघितलं तर ओळखीच्या वाटल्या. शिकेकाई. तिकडे सोम पोई म्हणतात, उत्तरेकडचे लोक बुद्धाच्या मूर्तीला आणि वडीलधाऱ्यांना हेच पाणी घालतात, अमंगळ धुऊन जातं म्हणून. आमच्या आजीने दर रविवारी ज्याने केस धुतले त्याच शेंगा, पावणेतीन हजार किलोमीटरवर, चांदीच्या भांड्यात.

येणाऱ्याजाणाऱ्याला आजी खुणेने थांबवत. छोट्या वाटीने खांद्यावर पळीभर पाणी सोडत, ओठांत काहीतरी पुटपुटत. बस. माझ्या बायकोच्या खांद्यावर सोडलं. माझ्या खांद्यावर सोडलं. दिवसभरात अंगावर पिंपंच्या पिंपं पडली होती, पण अंगावर काटा आला तो त्या पळीभराने.

तेवढ्यात चौघे आले. चौघांचे सारखे टी-शर्ट, पाठीवर देवनागरीत ‘पोरं सुटली रे’. एकाकडे बर्फाची बादली. पिकअप गाडीतून पाणी उडवत फिरणारे पिंपात बर्फाची लादी टाकतात ना, ते पाणी. एकाच्या हातात मोबाइल, शूटिंग चालू. आजींनी आम्हाला केली तशीच त्यांनाही खूण केली. वाटी उचलली. आणि स्वच्छ, आपल्या, आमच्या ठाण्याच्या मराठीत आवाज आला, ‘म्हातारीला घे रे, म्हातारीला!’

अख्खी बादली. डोक्यावरून. भांडं आडवं झालं, शेंगा गटारापर्यंत घरंगळत गेल्या. सत्तरीची बाई स्टुलावर थरथरत होती. एका क्षणी तिचा श्वास अडकला, तो आवाज मी ऐकला. मग ती हसली. माय पेन राय म्हणाली. चौघांनी ओरडून तिला नमस्कार केला, तोही शूट केला, आणि गेले. खाली काय लिहून टाकला असेल तो व्हिडिओ? ‘थाई आजी रॉक्स’?

मी काहीच बोललो नाही. मला त्याचं कारणही नंतर सापडलं. संध्याकाळी मालकीणबाई म्हणाल्या, उत्तरेत 14 तारखेला भांडायचं नसतं, वाईट बोलायचं नसतं, बोललं तर तोंड सडतं. मला इतकं बरं वाटलं! म्हणजे मी परंपरा पाळत होतो! फक्त दुपारी ती मला ठाऊक नव्हती. दुपारी मी, या पोरांना मराठी येतं आणि मलाही येतं हे कुणाला कळू नये म्हणून, विजेच्या खांबाच्या मागे सरकलो होतो. बायको नव्हती सरकली. ती गुडघ्यावर बसून रस्त्यातल्या शेंगा एकेक करून उचलत होती. ओढणीने त्या बाईचे हात पुसत होती. वर बघून मला एवढंच म्हणाली, ‘तू तिथे काय करतोयस?’

आता 14 तारीख उलटून गेली. तोंड सडायची भीती नाही.

लाज वाटत नाही का रे? कुणाची तरी आजी आहे ती. तुमच्या आजीने संक्रांतीला तिळगुळाची वाटी पुढे केली आणि कुणी परदेशी पोराने तिच्या डोक्यावर बर्फाची बादली उपडी केली, तर त्याला चाळीच्या जिन्यावरून खाली कसा पोचवाल? तेव्हा ‘सण आहे’ चालेल का? तिने तुमच्यासाठी वाटी उचलली होती. तुम्हाला आशीर्वाद देणार होती, फुकट. तुमचं नाव, गाव, पगार काही न विचारता. पळीभर पाणी घ्यायला मान खाली घालावी लागते, तेवढीही घालवली नाही तुमच्याच्याने. पाण्याशी मस्ती करायची तर खंदकावर हजारो माणसं तयार उभी आहेत, त्यांच्या हातात बंदुका आहेत, डोक्याला चष्मे आहेत, ती तुम्हाला धुऊन काढतील. त्यांच्याशी खेळा की! तिथे नाही जायचं. तिथे उलटं पाणी येतं. जिच्या हातात वाटी आहे तिच्यावर जायचं.

आणि परत आल्यावर हेच ऑफिसात सांगणार, थाई लोक काय मस्त असतात यार, काही वाटतच नाही त्यांना.

वाटतं. मूर्खांनो, वाटतं. हात पुसताना तिची बोटं निळी पडली होती.

माझं विचाराल तर मी खांबामागे उभा राहून, त्या गळक्या पिशवीतल्या मोबाइलवर ‘माफ करा’ला थाईत काय म्हणतात ते शोधत होतो. स्क्रीन ओली, बोट लागेना. सापडेपर्यंत बायको तिचं भांडं सरळ करून, उरलेल्या शेंगा त्यात घालून, नळ शोधायला गेली होती. खो थोत. दोनच शब्द आहेत. बंदूक घ्यायच्या आधी पाठ करा.