बारा मिनिटांचा नियम गेला कुठे?

आई मालिका बघताना रिमोट हातातून खाली ठेवतच नाही. ब्रेक लागला की आवाज असा अंगावर येतो की ती दचकते. आवाज कमी करावा, तर मालिका परत सुरू झाल्यावर संवाद ऐकू येत नाहीत. मग पुन्हा वाढवा. रोजचं हेच!

आणि नियम नाहीत असंही नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सातवा नियम काढून वाचा. जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नको. तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती, त्यातली १० व्यावसायिक आणि २ वाहिनीच्या स्वतःच्या. कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या भागात जाहिरातीची पट्टीसुद्धा नको.

परवा मी घड्याळ लावून बसले. तासाभरात १९ मिनिटं जाहिराती! शिवाय नायिका रडतेय आणि तिच्या हनुवटीवर साबणाची पट्टी सरकतेय. इतका चांगला प्रसंग, त्याची पार माती केली.

२०१३ मध्ये दूरसंचार आणि प्रसारण नियामक असलेल्या ट्रायने ही मर्यादा पाळायला लावायचं ठरवलं, तर वाहिन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. म्हणे उत्पन्न बुडतं. अहो, पे चॅनेलचे पैसे आम्ही दर महिन्याला मोजतो ना? फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांचं एक वेळ समजू शकते. पण पैसे घेऊन वर आमच्या कानाशी हा खेळ कशाला? केबलवाल्याला विचारलं तर तो वाहिनीकडे बोट दाखवतो, आणि वाहिनीचा फोन कुणी उचलत नाही.